कंटेनर चालू, तरी साइट उघडत नाही: डॉकर वापरताना या चुका टाळा

डॉकर हे अॅपला त्याच्या गरजेच्या फाइलींसह 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन आहे. सर्व्हरवर 'डॉकर रन' ही कमांड '-डी' (पार्श्वभूमीत चालवा) पर्यायासह दिली की ६४ अक्षरांची एक ओळख छापली जाते आणि काम फत्ते झाले असे वाटते. प्रत्यक्षात त्या ओळीवरून एवढेच कळते की कंटेनर तयार होऊन त्यातील प्रोग्राम सुरू झाला. तो पुढच्याच क्षणी बंद पडला का, याचा तिच्यात पत्ता नसतो. नुसते 'डॉकर पीएस' केवळ चालू कंटेनर दाखवते, त्यामुळे '-ए' जोडून पाहावे आणि लगेच 'डॉकर लॉग्ज' वाचावा.

कंटेनर बंद पडला असेल तर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) बरेच सांगून जातो. १२७ म्हणजे चालवायची कमांडच इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर तयार होतो त्यात) सापडली नाही. १३७ म्हणजे प्रोग्राम सक्तीने मारला गेला; बहुधा मेमरी अपुरी पडलेली असते, मात्र 'डॉकर स्टॉप' दिल्यावर १० सेकंदांत प्रोग्राम थांबला नाही तरीही हाच कोड येतो. 'एक्झेक फॉरमॅट एरर' दिसल्यास इमेज बहुधा अॅपलच्या एम मालिकेतील मॅकवर बांधलेली आणि सर्व्हर इंटेल किंवा एएमडीचा असतो; अशा वेळी बांधणीतच लिनक्स-एएमडी६४ हा प्लॅटफॉर्म नमूद करावा.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक मात्र पत्त्याची आहे. फ्लास्क आणि जँगो या पायथन वेब-फ्रेमवर्कचे विकाससर्व्हर (अॅप बनवताना चाचणीसाठी वापरायचे) मुळात १२७.०.०.१ (म्हणजे 'लोकलहोस्ट', स्वतःचाच संगणक) या पत्त्यावरच ऐकतात. कंटेनरचे नेटवर्क स्वतंत्र असल्याने हा पत्ता त्याच्यापुरताच असतो, आणि '-पी' या पर्यायाने सर्व्हरचा पोर्ट कंटेनरच्या पोर्टला कितीही नीट जोडला तरी बाहेरून आलेली विनंती त्या पत्त्यावर पोहोचत नाही. लॉगमध्ये सारे आलबेल, ब्राउझरमध्ये मात्र जोडणी तुटल्याचा संदेश, अशी स्थिती दिसली की प्रथम येथेच शंका घ्यावी आणि अॅप ०.०.०.० वर (म्हणजे सर्व पत्त्यांवर) ऐकेल अशी व्यवस्था करावी. (खऱ्या वापरासाठी विकाससर्व्हर मुळात नकोच, पण तो वेगळा विषय आहे.) उलट दिशेनेही हेच घडते: अॅप 'लोकलहोस्ट'वर डेटाबेस शोधते आणि डेटाबेस असतो दुसऱ्याच कंटेनरमध्ये. दोघांना स्वतः तयार केलेल्या एकाच नेटवर्कवर ठेवून कंटेनरचे नाव पत्ता म्हणून द्यावे; डॉकरच्या मूळ ब्रिज नेटवर्कवर ही नावे ओळखली जात नाहीत.

पोर्टच्या जोडीत आधी सर्व्हरचा आणि नंतर कंटेनरचा पोर्ट येतो. सर्व पर्याय इमेजच्या नावाआधी लिहावेत, कारण त्या नावानंतरचा मजकूर डॉकर आतल्या प्रोग्रामकडे सोपवतो आणि इमेजमध्ये एंट्रीपॉइंट (सुरू होताच चालणारा प्रोग्राम) ठरलेला असेल तर स्वतः तक्रारही करत नाही. डॉकरफाइलमधील (इमेज बांधण्याच्या सूचनांच्या फाइलीतील) 'एक्स्पोज' ही ओळ पोर्ट उघडत नाही, ती फक्त नोंद आहे.

नवी इमेज आणून 'डॉकर रीस्टार्ट' देणे निरर्थक आहे. त्याने जुनाच कंटेनर जुन्याच इमेजवर व जुन्याच पर्यावरण चलांसह (अॅपला बाहेरून दिलेल्या सेटिंग्जसह) उठतो. तो काढून टाकून नव्याने 'रन' करावे लागते, आणि काढताना त्याच्या आत लिहिलेला डेटाही जातो, म्हणून अपलोड केलेल्या फाइली आधीपासूनच व्हॉल्यूमवर (कंटेनर काढला तरी टिकणाऱ्या साठवणीत) असाव्यात. 'लेटेस्ट' टॅगवर (इमेजच्या आवृत्तीच्या लेबलवर) विसंबणे मला धोक्याचे वाटते: त्या नावाची इमेज सर्व्हरवर आधीच असेल तर 'रन' नवी आणत नाही, आणि बिघाड झाल्यास मागे कोणत्या आवृत्तीवर जायचे हेही कळत नाही. पर्यावरण चलांच्या फाइलीत पासवर्डाला अवतरणचिन्हे लावली, तर 'डॉकर रन' ती चिन्हे पासवर्डाचाच भाग धरते.

लिनक्सवर यूएफडब्ल्यू फायरवॉलने पोर्ट बंद केला म्हणून निश्चिंत राहू नये. डॉकर लिनक्सच्या आयपीटेबल्स या नेटवर्क-गाळणीत स्वतःचे नियम लिहिते आणि '-पी' ने दिलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जगाला खुला होतो. त्याच सर्व्हरवर पुढे एन्जिनएक्स (विनंत्या अॅपकडे पाठवणारा वेब सर्व्हर) असेल तर जोडी १२७.०.०.१:८०८०:३००० अशी लिहावी, आणि ८०८० खरोखर बंद आहे का हे दुसऱ्या संगणकावरून तपासावे.