पहिली-दुसरीला वाचन शिकवताना या चुका टाळा

"आमचा वर्ग घडाघडा वाचतो," असं कुणी सांगितलं की मी आधी पुस्तक मिटायला सांगते. पाठांतराला वाचन समजणं ही आपल्या शाळांतली सगळ्यात मोठी चूक आहे.

एका शिक्षण परिषदेत दुसरीतल्या मुलाला सगळ्यांसमोर वाचायला उभं केलं होतं. अख्खं पान एका दमात झालं, टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "बाळा, एवढंच वाच." त्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मग त्याच धड्यातला 'होडी' शब्द फळ्यावर लिहिला, तर तो नुसता बघत राहिला. वर्षभर सगळा वर्ग बाईंच्या मागून एका सुरात म्हणत आलेला. त्यात वाचतंय कोण आणि ओठ हलवतंय कोण, हे कळणार कसं? पोराचा यात काडीचाही दोष नाही. मी धडा झाला की त्यातल्याच शब्दांची नवी वाक्यं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आणि एकेकाला वेगळं वाक्य देते. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी चूक म्हणजे अ ते ज्ञ संपेपर्यंत शब्दच न दाखवणं. र, न, ळ, म, क आणि काना एवढ्यावर नारळ, कमळ, मका, रान वाचता येतात. "काका, काम करा" हे आख्खं वाक्य येतं. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी अशाच छोट्या अक्षरगटांनी मुलांना वाचतं केलं. आणि दिवाळीपर्यंत सगळं यायलाच हवं, ही घाई सोडा. कन्नड मुलांवरचा सोनाली नाग यांचा 2007 सालचा अभ्यास सांगतो की अशा लिपीतली अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतही वेळ लागतो. आपली लिपी त्याच घडणीची आहे.

ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकाच आठवड्यात नको. वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर; रफाराचं नेमकं उलट.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मालवण-देवगडकडची मुलगी "बाबा बाजारात गेला" हे "बाबा बाजारात गेलो" असं वाचते आणि लगेच लाल पेन बाहेर येतं. घरी ती 'तो गेलो' असंच बोलते. म्हणजे तिने वाक्य वाचलं, अर्थ पकडला आणि तो आपल्या बोलीत सांगितला. 'गेला'चं 'गोला' वाचणाऱ्या मुलाला मात्रा शिकवायची गरज आहे, हिला नाही. दोघांना एकच फुली मारणं हा अन्याय आहे. मी वाक्य पुरं होऊ देते, मग म्हणते, "शेवटचा शब्द परत बघ गो." सोमवारी मुलं सांगतील ते त्यांच्याच बोलीत फळ्यावर लिहिते: "आज रापणीत बांगडे गावले", म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात बांगडे सापडले. जे मूल पुस्तकापुढे गप्प बसतं, तेही हे वाचायला पुढे येतं.

वहीभर अक्षरं गिरवून घेणं म्हणजे वाचन नव्हे.

गोष्ट वाचून दाखवायला वेळ नाही, ही तक्रार मला पटत नाही. गॉफ आणि टन्मर या संशोधकांनी 1986 मध्ये वाचन हा दोन गोष्टींचा गुणाकार मांडला: अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं. एक शून्य असेल तर उत्तर शून्य. भाषा कानावर पडल्याशिवाय वाढत नाही, म्हणून माझ्या वर्गात रोज मधल्या सुट्टीनंतर गोष्ट होतेच, तपासणी असली तरी.

लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठी केंद्र सरकारचं जे निपुण भारत अभियान आहे, त्यात दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द हे लक्ष्य आहे, पण समजून वाचण्याच्या अटीवर. ही अट विसरून मोबाइलवर स्टॉपवॉच लावणारे फार झालेत. लावायचंच असेल तर वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा, आणि उत्तर मालवणीत आलं तरी पूर्ण बरोबर धरा.