रोजनामा समोर ठेवून एआयला कसं विचारायचं

पक्षकाराची बाजू खरी असते, सात-बारा, फेरफार, खरेदीखत सगळं जागेवर असतं, आणि तरीही एखादी मुदत टळली म्हणून तो हरतो. कराडला दिवाणी वकिली करताना मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं, कारण यात पक्षकाराचा काहीच दोष नसतो. त्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. एआय मी वापरते ते मुख्यतः यासाठी: प्रक्रियेचे नियम पाळले जातायत का, हे फाईल बंद करण्याआधी आणखी एकदा तपासून घ्यायला. बाररूममध्ये ज्युनिअर मुलं-मुली विचारत असतात, म्हणून माझी पद्धत लिहून काढते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. कायदा त्याला विचारायचा नाही, कायदा त्याला द्यायचा. 'कैफियत (म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर) दाखल करायची मुदत किती?' असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर येईल आणि ते अगदी ठाम भाषेत येईल. त्याऐवजी दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ८ नियम १ जसाच्या तसा चिकटवा आणि सांगा, 'फक्त या मजकुरावरून उत्तर दे. मजकुरात नसेल तर नाही म्हण.' यासाठी संगणकावर एक फोल्डर करून ठेवा: संहिता, मुदत कायदा १९६३, मुंबई उच्च न्यायालयाचं सिव्हिल मॅन्युअल, आपल्या जिल्हा न्यायालयाची परिपत्रकं. केंद्रीय कायदे इंडिया कोडच्या संकेतस्थळावर मिळतात. पण संहितेच्या कलम १२२ खाली उच्च न्यायालयाने नियमांत केलेल्या दुरुस्त्या वेगळ्या बघाव्या लागतात, आणि एआय नेमकं तिथेच घसरतं. त्याला देशभराची संहिता ठाऊक असते, महाराष्ट्राची नाही.

संहितेचं कलम ९-अ घ्या. मनाईहुकुमाच्या अर्जाच्या सुनावणीत अधिकारक्षेत्राचा आक्षेप आला तर तो मुद्दा आधी प्राथमिक म्हणून काढायचा, ही महाराष्ट्राची स्वतःची तरतूद होती. २०१८ साली ती वगळली गेली. पण तिच्यावरचे मुंबईचे जुने निकाल ढिगाने आहेत. ते वाचून तयार झालेलं एआय आजही '९-अ खाली अर्ज द्या' असं सुचवू शकतं. मजकूर तुम्ही दिलेला असेल तर हा धोका बराच कमी होतो.

आता तारखा. रोजनाम्याचा, म्हणजे दाव्याच्या तारखांना कोर्टात काय झालं त्याच्या नोंदीचा, फोटो काढून त्याच्याकडून वाचून घेऊ नका. हस्ताक्षरातल्या मराठीत ३ चा ८ होतो. बेलिफाच्या (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या) अहवालावरची समन्स बजावणीची तारीख स्वतः वाचा, स्वतः टाइप करा. समजा, समन्स ३ मार्च २०२५ ला बजावलं. कैफियतीची मुदत मोजताना हे टप्पे लागतात: पहिला दिवस सोडून मोजलं तर ३० वा दिवस येतो २ एप्रिल, ९० वा १ जून आणि १२० वा १ जुलै. १ जून रविवार आहे आणि त्या सुमाराला आपल्याकडे उन्हाळी सुट्टी असते, म्हणून सुट्ट्यांची यादी पण त्याच्यापुढे ठेवायची. एआयला 'महिनावार मोजून दाखव, प्रत्येक महिन्याचे दिवस वेगळे लिही' असं सांगा, म्हणजे चूक असेल तर कुठे आहे ते दिसतं. तरी शेवटी एक्सेलमध्ये तारखेत ९० मिळवून बघाच. भाषा चांगली लिहिणारं यंत्र दिवस बरोबर मोजेलच असं नाही.

इथे ज्युनिअर मंडळी एक प्रश्न विसरतात आणि एआयही आपणहून विचारत नाही: दावा साधा दिवाणी आहे की कमर्शियल, म्हणजे व्यापारी व्यवहाराचा? साध्या दाव्यात ९० दिवस उलटले तरी सबळ कारण दाखवता येतं; कैलास विरुद्ध नन्हकू या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत निर्देशात्मक मानली, सक्तीची नाही. कमर्शियल दाव्यात मात्र १२० व्या दिवसानंतर कैफियतीचा हक्कच संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्याच एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या २०१९ च्या निकालाने त्यात फट ठेवली नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कमर्शियलची किमान रक्कम तीन लाख झाली आहे. त्यामुळे तालुक्याच्या व्यापाऱ्याचा वाददेखील त्यात बसू शकतो. म्हणून माझी दुसरी सूचना कायम ठरलेली असते: 'उत्तर देण्याआधी, उत्तर बदलू शकेल अशी कुठली माहिती मी दिलेली नाही ते मला विचार.' या एका वाक्याने जितका उपयोग होतो तितका बाकी कशाने होत नाही. प्रतिवादी सरकार आहे का, मग संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस गेली का? एखादा पक्षकार मयत आहे का, कधी वारला? वारस रेकॉर्डवर आणायला मृत्यूपासून ९० दिवस असतात. ते गेले तर दावा त्याच्यापुरता अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो, आणि अबेटमेंट उठवायला पुढे ६० दिवस. गावाकडे मयताची बातमी वकिलापर्यंत सावकाश पोचते, म्हणून प्रत्येक तारखेआधी हा प्रश्न पक्षकारालाही विचारा.

चेकच्या केसमध्ये 'दिवस' आणि 'महिना' यांचा गोंधळ होतो. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. नोटीस २७ जानेवारी २०२५ ला मिळाली असेल तर १५ दिवस ११ फेब्रुवारीला संपतात, फिर्यादीचं कारण १२ ला घडतं आणि महिना १२ मार्चला पुरा होतो. एआयने महिन्याचे ३० दिवस धरले तर ते १४ मार्च सांगेल. त्या दिवशी धुळवड होती, म्हणजे तुम्ही आणखी एक दिवस पुढे सरकणार. विलंब माफीचा अर्ज देता येतो हे खरं, पण तो द्यायची वेळ पक्षकारावर का यावी?

एआयचा सगळ्यात मोलाचा उपयोग मला दिसतो तो निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, एकतर्फी मनाई मिळते त्या दिवशी. ऑर्डर हातात आल्यावर सगळे आनंदात असतात आणि आदेश ३९ नियम ३ मागे पडतो. समोरच्याला नोटीस न देता मनाई घेतली असेल तर अर्जाची प्रत, त्यासोबत ॲफिडेव्हिट, दावा आणि ज्या कागदांवर भिस्त आहे त्यांच्या प्रती त्याला ताबडतोब हातोहात द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या, आणि तसं केल्याचं ॲफिडेव्हिट त्याच दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. काही जण नुसती पुरसिस, म्हणजे बिनशपथेचं लेखी निवेदन, देतात. नियम ॲफिडेव्हिट मागतो. शिवाय असा अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टाने करावा, असं त्याच आदेशाचा नियम ३-अ सांगतो.

मी नियमाचा मजकूर आणि ऑर्डर, नावं काढून, चिकटवते आणि लिहिते: 'यातून प्रत्येक कर्तव्य वेगळं काढ. कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि ते केलं हे रेकॉर्डवरच्या कुठल्या कागदावरून दिसेल? प्रत्येकासमोर नियमातले मूळ शब्द उतरव.' शेवटचं वाक्य गाळू नका. मूळ शब्द समोर असले की एआयने पदरचं काही घातलंय का ते तिथल्या तिथे कळतं. आलेला तक्ता छापून फाईलच्या आतल्या बाजूला लावायचा आणि क्लार्कने पोस्टाची पावती आणली की त्यासमोर सही करायची. तुम्ही प्रतिवादीतर्फे उभे असाल तर हाच तक्ता उलटा वापरा: रेकॉर्डवरच्या निशाण्यांची यादी द्या आणि यातला कुठला कागद दिसत नाही ते विचारा. मनाई उठवायच्या अर्जाचा पहिला मुद्दा बहुधा तिथेच सापडतो.

न्यायनिवाडे त्याच्याकडून मागू नका. न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात दिले आणि जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली एक करनिर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत. तिथून पूर्ण निकाल उतरवून वाचा, मग हवं तर एआयला 'मुदतीबद्दलचा भाग कुठल्या परिच्छेदात आहे' एवढं विचारा.

फौजदारी कामात जुने-नवे क्रमांक हा वेगळाच सापळा आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. एआयला कलमाचा नुसता आकडा कधीच देऊ नका, संहितेचं नाव आणि वर्ष सोबत लिहा.

गुप्ततेचं ओझं पूर्ण आपल्यावर आहे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. नाव, गाव, गट नंबर, आधार, मोबाइल यातलं काहीही टाकायचं नाही. 'वादी १', 'मिळकत अ' एवढ्यावर प्रक्रियेचं सगळं काम भागतं. नियमांना फक्त तारखा आणि टप्पे लागतात. ऑफिसातल्या मुलांनाही हे लेखी देऊन ठेवा, कारण घाईत अख्खी पीडीएफ चढवली जाते.

आणि कोर्टाच्या ऑफिसची रीत एआयला माहीत नसते. प्रती किती लागतात, पेजिंग कसं हवं, ई-फायलिंगनंतर मूळ कागद कधी मागतात, हे सहायक अधीक्षकांना जाऊन विचारा आणि त्यांनी सांगितलेलं त्याच फोल्डरमध्ये तारखेसह टिपून ठेवा. पुढच्या फाईलच्या वेळी नियमाच्या मजकुरासोबत ती टिपणंही एआयला द्या.