नगरपालिकेच्या तरण तलावाचा इतिहास कसा काढावा

कोनशिलेचा फोटो काढून आलात म्हणजे तलावाचा इतिहास हाती लागला, असं समजू नका. अमुक तारखेला अमुक नामदारांच्या शुभहस्ते उद्घाटन झालं, एवढंच कोनशिला सांगते. त्या दिवशी तलावात पाणी होतं का, हे ती सांगत नाही. मी नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात आयुष्य काढलं. निवडणुकीच्या तोंडावर फीत कापली गेली आणि पोहणारी माणसं दोन उन्हाळ्यांनंतर पाण्यात उतरली, असे प्रकार कागदावर डोळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा दोनच प्रश्न धरून बसा. पाणी आलं कुठून, आणि त्यात कोणाला उतरू दिलं? बाकीचं मागून आपोआप येतं.

कचेरीत जाण्याआधी तलावावर जा, आणि जाताना लांब टेप घेऊन जा. तलाव बंद असण्याच्या वारी रखवालदाराला सांगून लांबी मोजा. भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाण्याच्या रेषेला. २५ किंवा ५० मीटर भरली, तर आराखडा मीटरमध्ये काढलेला. ३०.४८ मीटर भरली, तर ती सरळ १०० फूट. २२.८६ भरली, तर २५ यार्ड. आपल्याकडे वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, आणि बदल पुढची काही वर्षं टप्प्याटप्प्यानं होत गेला. त्यामुळे फुटांतला तलाव बहुतेक त्या काळातला किंवा त्याआधीचा. 'बहुतेक' म्हणते, कारण जुने ओव्हरसिअर कायदा आल्यावरही डोक्यात फूटच धरून चालत. दोन-चार सेंटिमीटर कमी भरले तर गोंधळू नका, मागाहून लावलेल्या फरशीची जाडी तेवढी असते.

मग फिल्टरच्या खोलीत जा. तिथे लोखंडी टाकी असेल, आत वाळू. तिच्या अंगावर उत्पादकाची छोटी पट्टी असते आणि दर रंगकामात तिच्यावरही निळा ऑइलपेंट चढतो, म्हणून वाचता येत नाही. रंग खरवडू नका, लोक चिडतात. पातळ कागद पट्टीवर धरा आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घासा. अक्षरं उठतात, कधी कधी सालही उठतं. ते साल वहीत मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या मते फिल्टर बसला तो तलावाचा दुसरा जन्म.

हे असं का, ते सांगते. फिल्टर नसलेला तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, उपसून टाकायचा आणि पुन्हा भरायचा. उघड्यावरचं पाणी उन्हानं हिरवं होतं. मग तुरटी, मोरचूद, ब्लीचिंग पावडर. या तिन्हींची खरेदी भांडार नोंदवहीत सापडते, आणि ती नोंदवही मिळाली तर सोनं समजा. ब्लीचिंगचे ड्रम फक्त मार्च ते जून आले असतील, तर तुमचा तलाव उन्हाळी होता, वार्षिक अहवालात 'बारमाही' लिहिलेलं असलं तरी. तुरटीची खरेदी एकाएकी घटली आणि त्याच सुमारास विजेचं बिल वाढलं, की पंप आणि फिल्टर सुरू झाला असं धरायला हरकत नाही. मोटर दुरुस्तीची बिलं तर मागाहून हमखास येतातच.

पाण्याचा हिशेब स्वतः करा, अवघड नाही. २५ मीटर लांब, साडेबारा रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलाव घेतला तर सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर. दहा हजार लिटरचे ४७ टँकर. शहरी नळयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्या मापानं हे साडेतीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. ५० बाय २५ चा, सरासरी दोन मीटर खोलीचा तलाव असेल तर २५ लाख लिटर, म्हणजे साडेअठरा हजार माणसांचं. हा आकडा हाताशी असला की १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराचे ठराव वाचताना सभेत कुणाचा आवाज का चढला, ते कळतं. २०१६ मध्ये तर मैदानावर मारायच्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले. पोहण्याचं पाणी अशा वर्षी पहिल्यांदा डोळ्यांवर येतं. म्हणून टंचाईच्या सालांचे ठराव आधी काढा, चांगल्या पावसाच्या सालांत तलावाबद्दल कुणी बोलतच नाही.

आता कागद. आपलं गाव त्या काळी कुठल्या अमलाखाली होतं, ते आधी ठरवा. मुंबई इलाख्यातल्या नगरपालिका १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याखाली, त्यांतल्या मोठ्या १९२५ नंतर 'बरो', म्हणजे वेगळ्या कायद्याखालच्या मोठ्या नगरपालिका. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं, त्याआधीचं दप्तर तिथल्या पुराभिलेखागारात पाहावं लागतं. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा कारभार, त्यामुळे जागेचे जुने कागद उर्दूत निघतील, वाचणारा माणूस आधी गाठून ठेवा. वऱ्हाड-नागपूरकडे मध्यप्रांताचा वेगळा कायदा. १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आल्यावर कुठे सगळं एका साच्यात आलं.

अभिलेख कक्षात गेल्यावर 'तलावाची फाइल द्या' म्हणू नका. अशी एक फाइल नसते. ठराव एका ठिकाणी, बांधकामाची मोजमाप पुस्तिका दुसरीकडे, फीचा हिशेब तिसरीकडे. सरकारी दप्तरात 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क-१' दहा, 'क' पाच आणि 'ड' एक वर्षाचा. सर्वसाधारण सभेची ठरावबुकं कायम राहतात. पास कोणाला दिले, कुठल्या बॅचला किती जण आले, असली रजिस्टरं केव्हाच निंदणीत, म्हणजे मुदत संपलेले कागद नष्ट करताना, गेलेली असतात. तेव्हा ठरावबुकाकडेच वळा.

ठराव क्रमांक शोधायची एक युक्ती आहे. तलावावर नियमांचा पत्र्याचा फलक असतो ना, 'तेल लावून पाण्यात उतरू नये, त्वचारोग असलेल्यांस प्रवेश नाही' वगैरे, त्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'ठराव क्र. अमुक, दि. अमुक' लिहिलेलं असतं. जुन्या पासच्या मागेही असतं. फी वाढवायची तर सभेचा ठराव लागतो. एक क्रमांक मिळाला की त्या ठरावात मागच्या ठरावाचा संदर्भ, त्यात त्याच्या मागच्याचा. असं मागे मागे जाता येतं. मधली काही वर्षं ठरावच दिसेनात, तर त्या काळात प्रशासक होता का पाहा. प्रशासकाचे ठराव वेगळ्या बुकात असतात. २०२२ नंतरच्या काळावर लिहिणाऱ्यांना हे अनेक शहरांत लागेल.

कुणी दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. 'तलाव बांधायला उशीर का झाला?' असं विचारलंत तर 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येईल आणि ते नियमाला धरूनच असेल, कारण अर्जावर कागद मिळतो, कारणमीमांसा नाही. 'सन १९६५ ते १९७५ मधील तरण तलावाच्या प्रवेश शुल्काबाबतच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावांचे प्रत्यक्ष अवलोकन करू द्यावे' असं लिहा. अवलोकन मागितलं की समोर अख्खं बुक येतं, आणि शेजारच्या पानावर तुम्ही न मागितलेलं बरंच काही असतं.

जागेसाठी सिटी सर्व्हेतली मिळकत पत्रिका आणि विकास आराखड्यातलं आरक्षण, एवढं पुरतं. तलावाआधी तिथे खाण होती की विहीर, ते जुन्या नकाशावर दिसतं.

नावावरूनही काळ लागतो, पण जपून. चेंबूरच्या महापालिकेच्या तलावाला जनरल अरुणकुमार वैद्यांचं नाव आहे. वैद्यांची हत्या पुण्यात १० ऑगस्ट १९८६ ला झाली, तेव्हा स्मारक म्हणून दिलेलं ते नाव त्यानंतरचं, हे उघड आहे. तलावही नंतरचा, हे मात्र नुसत्या नावावरून सिद्ध होत नाही. नामकरणाचा ठराव वेगळा असतो.

दुसरा प्रश्न, कोणाला उतरू दिलं? इथे ठराव वाचून गप्प बसलात तर फसाल. सगळ्यात मोठं उदाहरण पोहण्याच्या तलावाचं नाही, पिण्याच्या पाण्याचं आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांसह हजारो माणसांना तिथे जाऊन ओंजळीनं पाणी प्यावं लागलं. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला. तेव्हा 'सर्वांसाठी खुला' असं ठरावात दिसलं की पुढचा प्रश्न विचारायचा. मुंबईत ब्रीच कँडीच्या तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशाचा, आणि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ तिथे प्रवेश मात्र युरोपियनांना.

आपल्या गावात हे इतकं उघड नसेल. ते वेळापत्रकात शोधा. महिलांची बॅच कुठल्या वेळेला होती? भर दुपारी, शाळा-कचेऱ्या आणि चुलीच्या वेळेत ठेवलेली बॅच म्हणजे 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारायची आधीच केलेली सोय, हे माझं स्पष्ट मत. महिला प्रशिक्षकाचं पद कधी मंजूर झालं, ते आस्थापनेच्या तक्त्यात मिळतं. बॅच सुरू झाल्याचं साल आणि पद भरल्याचं साल, यांत अंतर किती, ते मांडा. टीका वेगळी लिहावी लागत नाही. पासाची किंमत त्या सालच्या सफाई कामगाराच्या पगाराशेजारी ठेवा, दोन्ही आकडे त्याच अंदाजपत्रकात असतात.

मग माणसं. 'तलाव कधी सुरू झाला?' असं विचारू नका, साल कुणाला आठवत नाही. पुण्यात 'पानशेतच्या आधी की नंतर?' विचारा, म्हणजे १२ जुलै १९६१. कराड-चिपळूणकडे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. लातूर-धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. त्याआधी कुठे पोहायचात, विहिरीत की नदीच्या डोहात? पाठीला काय बांधायचं, पांगाऱ्याचा बिंडा की पत्र्याचा डबा? शिट्टी कोण वाजवायचं? मुटका मारला तर किती दिवस पास जप्त? एका काकूंनी मला साल सांगितलं नाही, पण पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरल्या आणि ओढणी फिल्टरच्या जाळीत अडकली, हे सांगितलं. म्हणजे तेव्हा पोशाखाचा नियम नव्हता आणि फिल्टर होता. दोन तारखा एका ओढणीत.

बुडून झालेले मृत्यू दडवू नका, पण नाव-गाव छापू नका. नंतर जीवरक्षकाची पदं वाढली का, उंच फळी काढली का, खोल भागाला दोरी आली का, एवढं लिहा. घरच्यांना विचारायचं असेल तर ओळखीच्या माणसाला आधी पाठवा, आणि नको म्हणाले तर विषय सोडा.

लिहून झालं की प्रत्येक विधानाशेजारी ठरावाचा क्रमांक आणि तारीख टाका, ऐकीव असेल तर 'ऐकीव' असं लिहा. एक प्रत नगर वाचनालयात नोंदवून द्या आणि दाखल क्रमांक घ्या, नाहीतर ती कपाटावर पडून राहते. ज्यांच्याशी बोललात त्यांना छापील पानं घरी नेऊन द्या. तलावाच्या तिकीटखिडकीतही एक ठेवा, पण ती लॅमिनेट करून द्या. तिथे सगळंच ओलं असतं.