डोळे मिटून बझर वाजवा: मेंदूच्या लहरींवरचा साधा स्विच

डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लहरी वाढतात. सेकंदाला साधारण 8 ते 12 हेलकावे (हर्ट्झ). ही वाढ ओळखून बझर वाजवायचा, एवढंच काम. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी या लहरी 1929 साली जगापुढे मांडल्या. प्रोग्राम सोपा आहे, खरी परीक्षा डोक्याच्या कातडीवर होते.

सामान: ईईजीचं (मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीचं) अ‍ॅम्प्लिफायर मॉड्यूल, आर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), तीन कप इलेक्ट्रोड (कातडीवर बसवायच्या वाट्या, तिन्ही एकाच धातूच्या), ईईजी पेस्ट, शिंप्याची टेप, 5 व्होल्टचा बझर. लॅपटॉप फक्त बॅटरीवर चालवा, चार्जर काढलेला. घरच्या विजेवरचं काहीही या सर्किटला जोडू नका.

आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा आणि तेल लावू नका. आपल्याकडे चापून खोबरेल लावायची सवय असते, आणि तेलाच्या थरावर पेस्ट नीट पकड घेत नाही. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा. अंतर 36 सेंमी आलं तर उंचवट्याच्या 3.6 सेंमी वर खूण करा. तिथले केस कंगव्याच्या टोकाने बाजूला सारा, त्वचा स्पिरिटने पुसून वाळू द्या, मग पेस्ट भरलेला कप दाबून बसवा. केसांवर नव्हे, कातडीवर. उरलेले दोन कानांमागच्या हाडांवर: एक मॉड्यूलच्या मायनसला, एक रेफरन्सला. संपर्क तपासायला साधा मल्टिमीटर लावू नका. तो डोक्यातून डीसी करंट सोडतो.

सेकंदाला 256 नमुने घ्या, 2 सेकंदांची खिडकी (एका वेळी तपासायचा तुकडा) ठेवा. एक मिनिट डोळे उघडे, एक मिनिट मिटलेले. दोन्ही वेळची 8–12 हर्ट्झची ताकद मोजून मधोमध मर्यादा ठरवा. सलग तीन खिडक्या मर्यादेवर गेल्या तरच बझर वाजू द्या, नाहीतर दात आवळले तरी वाजेल.

पडद्यावरच्या आलेखाची रेघ जाडजूड दिसली तर ती 50 हर्ट्झची घरची वीज: तारांना पीळ द्या, इन्व्हर्टरपासून लांब बसा. मे महिन्यात लातूर-नांदेडकडे रेघ हळूहळू वर-खाली तरंगते, ते घामामुळे; सकाळी लवकर करा, 1 हर्ट्झखालचं गाळून टाका. काहींच्या अल्फा मुळातच क्षीण असतात, तिथे पेस्ट वाढवून उपयोग नाही.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी हे बनवत असाल तर आधी पाहा: तो ठरवून पापणी मिटू शकतो का? शकत असेल, तर पापणीवर चालणारा स्विच जास्त भरवशाचा.