नवं मॉड्यूल लिहिताय? या चुका टाळा

लासलगावला कांद्याचा दर क्विंटलवर बोलतात, नाशिकच्या भाजीबाजारात किलोवर. व्यापाऱ्याला हे कुणी समजावत नाही. पण दर घेणारं फंक्शन एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने वापरलं की नेमका इथेच घोळ होतो. १८५० हा आकडा क्विंटलचा की किलोचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. कोड चालतो, एरर येत नाही आणि उत्तर शंभर पटीने चुकतं.

दुसऱ्यांनी वापरायच्या मॉड्यूलमधल्या (इतर प्रोग्रॅमना इम्पोर्ट करता येणाऱ्या कोडमधल्या) बहुतेक भानगडी अशा न लिहिलेल्या गृहीतांतून होतात. खाली उदाहरणाला एक लहान पायथन मॉड्यूल धरलं आहे: कांदा खरेदीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) वाचायची आणि सरासरी दर काढायचा. जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांची किंवा व्यापाऱ्यांची सॉफ्टवेअरची कामं करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. फंक्शनची नावं इथे नागरीत दिली आहेत. पायथनला तशी चालतातही, पण प्रत्यक्ष कोडमध्ये रोमनच ठेवा, पुढच्या माणसाचा कीबोर्ड कोणता असेल सांगता येत नाही.

घाई आणि नाव

एकाच ठिकाणी वापरलेला कोड लगेच वेगळा काढू नका. दुसऱ्या ठिकाणी लागला तर सरळ कॉपी करा. तिसऱ्यांदा लागला की तिन्ही ठिकाणी नेमकं काय सारखं आहे ते दिसतं, तेवढंच मॉड्यूलमध्ये घ्या. आधीच काढलं तर प्रत्येक नव्या गरजेला एकेक पर्याय चिकटत जातो आणि फंक्शनला अकरा पॅरामीटर होतात.

फाइलचं नाव सीएसव्ही, जेसन किंवा कॅलेंडर असं ठेवू नका. पायथन आधी तुमचं फोल्डर पाहतो, त्यामुळे मूळ मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतो. मग ‘मॉड्यूलमध्ये रीडर नाही’ किंवा ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ अशी दिशाभूल करणारी एरर येते. संशय आला तर त्या मॉड्यूलचं डंडर-फाइल (__file__) छापा, कोणती फाइल उचलली जातेय ते लगेच कळतं.

रीडमी शेवटी लिहिणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काम संपल्यावर रीडमी (मॉड्यूल कसं वापरायचं ते सांगणारी फाइल) लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, म्हणून निम्मं लिहायचं राहून जातं. उलट करा. फंक्शनमध्ये एक ओळ लिहिण्याआधी रीडमीत वापराचं उदाहरण लिहा: इम्पोर्ट, फंक्शनला हाक (कॉल), उत्तर. उदाहरण लिहिताना अवघडल्यासारखं झालं तर फंक्शनचा आकारच चुकलाय. या टप्प्यावर तो बदलायला काही लागत नाही.

डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या आतच लिहिलेल्या त्याच्या माहितीत) ‘दर परत करतं’ एवढंच लिहिणं म्हणजे फंक्शनचं नाव पुन्हा वाचून दाखवणं. कामाची डॉकस्ट्रिंग अशी असते:

दर_किलोमागे(दर)
दर: रुपये प्रति क्विंटल. पूर्णांक, डेसिमल किंवा मजकूर.
परत: रुपये प्रति किलो, डेसिमल.
एरर: दर शून्य, ऋण किंवा आकडा नसलेला असेल तर व्हॅल्यूएरर.
उदाहरण: १८५० दिल्यास १८.५०.

चारच ओळी, पण एकक, प्रकार, परतावा आणि एरर सगळं आलं. गंमत म्हणजे यातही दोन चुका दडलेल्या असू शकतात आणि डोळ्यांनी त्या सापडत नाहीत. पहिली: डेसिमलमध्ये (पायथनच्या दशांश आकड्यांच्या प्रकारात) १८५० भागिले १०० केलं तर १८.५ येतं, १८.५० नाही. दोन दशांश हवे असतील तर क्वांटाइझ वापरावं लागतं. दुसरी: ‘अठराशे’ असा मजकूर दिला तर डेसिमल व्हॅल्यूएरर देत नाही, इनव्हॅलिडऑपरेशन देतो, आणि तो व्हॅल्यूएररचा पोटप्रकार नाही. डॉकस्ट्रिंगवर विश्वास ठेवून कुणी व्हॅल्यूएरर पकडत असेल तर त्याचा प्रोग्रॅम कोसळतो. फंक्शनच्या आत तो पकडा आणि व्हॅल्यूएरर म्हणून पुढे पाठवा.

म्हणून उदाहरणं चालवता येतील अशीच लिहा. रीडमीत >>> या खुणेने उदाहरण द्या आणि डॉकटेस्ट (उदाहरणं चालवून उत्तरं पडताळणारं पायथनचं साधन) थेट रीडमीवर चालवा. उत्तर जुळलं नाही तर लिहिलेलं आणि आलेलं दोन्ही समोर येतं. अपेक्षित उत्तरात रिकामी ओळ सोडली तर डॉकटेस्ट तिथेच उत्तर संपलं असं मानतो, हे लक्षात असू द्या.

‘भाव नाही’ म्हणजे शून्य नाही

लिलाव बंद असलेल्या दिवशी काय परत करायचं? सोमवारी १८०० रुपये, मंगळवारी बंद, बुधवारी २१००. बंदला शून्य धरलं तर सरासरी १३०० येते, वगळलं तर १९५०. शून्य कधीही परत करू नका. नन (None, म्हणजे ‘काही नाही’) परत करा किंवा एरर द्या. दोन्हीपैकी काय करता ते डॉकस्ट्रिंगमध्ये लिहा आणि सरासरीचं फंक्शन बंद दिवस वगळतं हेही लिहा.

फाइल वाचताना

तक्रारी सर्वाधिक येतात त्या इथूनच. लक्षण पाहून कारण ओळखा.

‘दिनांक’ हा पहिला रकाना समोर दिसतोय, तरी कीएरर (‘हे नाव सापडत नाही’) येते, बाकीचे रकाने व्यवस्थित सापडतात. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवलेल्या फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची अदृश्य खूण असते, ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. बीओएम नसलेली फाइलही त्याने नीट वाचली जाते.

मराठीऐवजी डोक्यावर टोप्या-मात्रा चढवलेली रोमन अक्षरं दिसतात, किंवा युनिकोडडीकोडएरर येते. एन्कोडिंग दिलेलंच नाही आणि विंडोजने आपलं जुनं कोडपेज वापरलं. लिनक्सवर हीच ओळ बिनबोभाट चालते, म्हणून ‘माझ्याकडे चालतंय’ ऐकू येतं. फाइल कुठेही उघडा, एन्कोडिंग लिहिल्याशिवाय उघडू नका.

‘शेतकऱ्याचे नाव’ हा रकाना डोळ्यांना दिसतो, कोडला सापडत नाही. हे खास आपलं दुखणं. त्यातला ऱ्या तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे एकच अक्षर, र आणि नुक्ता, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हा अदृश्य जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे, तुलनेत तिन्ही वेगळे. युनिकोडडेटामधलं एनएफसी नॉर्मलायझेशन पहिले दोन एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही. म्हणून एनएफसीच्या आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे या क्रमाच्या जागी ऱ-हलन्त टाका. फाइलमधली नावं आणि कोडमधली नावं, दोन्ही याच फंक्शनमधून काढा. (श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला डेटा असेल तर यातलं काहीच चालत नाही. त्याला आधी वेगळा कन्व्हर्टर लागतो. आपलं मॉड्यूल तो डेटा घेत नाही, असं रीडमीत सरळ लिहा.)

आकड्यांचं उलट आहे. ‘१८५०’ असा नागरी मजकूर पायथनचा इंट आणि डेसिमल बिनतक्रार घेतात. अडतं ते स्वल्पविरामाला. ‘१,८५०’ मधला स्वल्पविराम काढल्याशिवाय दोघेही एरर देतात.

आपल्या मशीनबाहेर न तपासणं

कोड ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये ठेवा, चाचण्या बाहेर. कोड प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्येच पडलेला असेल तर चाचण्या इन्स्टॉल केलेल्या मॉड्यूलवर न चालता समोरच्या फोल्डरवर चालतात आणि पॅकेजमध्ये काय राहून गेलं ते कळत नाही. राहून जाते ती बहुधा डेटाची फाइल, समजा बाजार समित्यांच्या नावांची जेसन. वापरणाऱ्याकडे मग फाइलनॉटफाउंडएरर. व्हील (इन्स्टॉल करायला तयार पॅकेजची फाइल) म्हणजे झिपच असते. उघडून आत जेसन आहे का पाहा. ती वाचताना रस्ता हाताने जोडू नका, इम्पोर्टलिबमधलं रिसोर्सेस वापरा.

प्रसिद्ध करण्याआधी वेगळ्या फोल्डरमध्ये कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, रिकामी जागा) करा, व्हील इन्स्टॉल करा आणि रीडमीतलं उदाहरण तिथे जसंच्या तसं चालवा. एडिटेबल इन्स्टॉल या तपासणीला चालत नाही, तो तुमच्याच फोल्डरकडे बोट दाखवतो.

मॉड्यूलच्या आत प्रिंट नको, लॉगिंग वापरा. इम्पोर्ट होताच नेटवर्कवर जाणारा कोड तर नकोच. लायसन्सची फाइल पहिल्या दिवशी टाका. ती नसेल तर कोड उघडा दिसला तरी दुसऱ्याला तो वापरायची परवानगी मिळत नाही.

पुढे बदल करताना

पॅरामीटरचं नाव बदललं तरी नावाने हाक मारणाऱ्यांचा कोड मोडतो. पण तो निदान आवाज करून मोडतो. तेच फंक्शन क्विंटलऐवजी किलोचा दर घ्यायला लागलं तर काहीच मोडत नाही, फक्त बिलं चुकतात. एकक बदलायचं असेल तर नव्या नावाचं फंक्शन लिहा आणि जुन्याला इशारा जोडा. डेप्रिकेशनवॉर्निंग इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलच्या कोडमधून आली तर पायथन ती एरवी दाखवतच नाही. इशारा सर्वांना दिसायला हवा असेल तर फ्यूचरवॉर्निंग द्या. स्टॅकलेव्हल २ ठेवा, म्हणजे तुमची ओळ न दिसता हाक मारणाऱ्याची ओळ दिसते.

पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर) एकदा चढवलेली फाइल त्याच आवृत्तीने पुन्हा चढत नाही, काढून टाकली तरीही नाही. ०.१.० मध्ये जेसन राहिली असेल तर ०.१.१ काढा.