पापाकोलेआच्या हिरव्या पुळणीवर पायी कसे जावे

हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकाजवळ समुद्राने एका जुन्या ज्वालामुखीय टेकडीची एक बाजू खाऊन टाकली आहे आणि उरलेल्या अर्धगोल कड्याच्या कुशीत हिरव्या वाळूची एक लहानशी पुळण तयार झाली आहे. तिचे नाव पापाकोलेआ. तेथपर्यंत पक्का रस्ता नाही, सावली नाही, पिण्याचे पाणी नाही आणि जीवरक्षकही नाहीत. त्यामुळे येथे सहज चक्कर मारायला म्हणून न जाता अर्धा दिवस राखून आणि तयारी करून जावे.

ही वाळू हिरवी का, हे निघण्यापूर्वी समजून घ्यावे, कारण तेथे कसे वागावे हे त्यावरूनच ठरते. 49,000 वर्षांहूनही पूर्वी तप्त लाव्हा आणि भूजल यांची गाठ पडून स्फोट झाले आणि त्यांतून उडालेल्या राखेची पुउ महाना ही वलयाकार टेकडी उभी राहिली. माउना लोआ या प्रचंड ज्वालामुखीच्या नैऋत्येकडील भेगांच्या पट्ट्याशी तिचा संबंध आहे. या राखेत ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे स्फटिक भरपूर आहेत. मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका यांचे हे हिरवट खनिज राख आणि ज्वालामुखीय काच यांच्यापेक्षा जड असते. लाटा टेकडी झिजवतात, हलका माल समुद्रात वाहून नेतात आणि जड ऑलिव्हिन किनाऱ्यावर मागे राहते. म्हणजे या पुळणीला वाळू पुरवणारी कोठी ही एकच टेकडी आहे आणि ती संपल्यावर दुसरी नाही. छायाचित्रांत दिसतो तसा पाचूसारखा रंग मात्र मनात धरून जाऊ नये. खरा रंग ऑलिव्ह फळाच्या जवळ जाणारा, किंचित मातकट हिरवा आहे. वाळू ओली असताना आणि तिच्यावर थेट ऊन पडलेले असताना तो सर्वांत चांगला खुलतो, म्हणून सकाळच्या मध्यापर्यंत तेथे पोहोचता येईल अशा बेताने निघावे.

बेटाच्या दक्षिण भागाला वळसा घालणाऱ्या 11 क्रमांकाच्या महामार्गावर 69 आणि 70 या मैलांच्या खुणांदरम्यान साउथ पॉइंट रोड दक्षिणेकडे फुटतो. हा अरुंद रस्ता सुमारे 19 किलोमीटरचा आहे; समोरून गाडी आली की वेग कमी करून कडेला थांबावे लागते. शेवटी फाटा लागतो. उजवीकडची वाट का लाए या टोकाकडे जाते, जे अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतील सर्वांत दक्षिणेचे ठिकाण आहे. पुळणीसाठी डावीकडे वळावे. भाड्याची गाडी असल्यास या रस्त्यावर ती नेण्यास करारात मनाई नाही ना, हे गाडी ताब्यात घेतानाच वाचून घ्यावे.

गाडी उभी केल्यावर एका बाजूला सुमारे 4 किलोमीटर चालायचे असते. समुद्र उजव्या हाताला ठेवत ईशान्येकडे जावे; चढ-उतार फारसे नाहीत, पण वारा आणि धूळ यांचा त्रास होतो. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे येथे इतके सतत वाहतात की परिसरातील झाडे एकाच दिशेला वाकून वाढलेली दिसतात. जाताना हा वारा तोंडावर येतो. बारीक लाल माती डोळ्यांत जाऊ नये म्हणून चष्मा लावावा आणि टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी असावी. वाऱ्यामुळे उन्हाचा चटका जाणवत नाही, त्यामुळे अंग भाजून निघाले आहे हे उशिरा कळते. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे आणि चपलांऐवजी बंद बूट घालावेत. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळांना घातक ठरणारी रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत 1 जानेवारी 2021 पासून बंदी आहे. घरून नेतानाही झिंक ऑक्साइडचे मलमच निवडावे.

वाटेत खासगी गाड्या ये-जा करताना दिसतील आणि पैसे घेऊन पुळणीपर्यंत सोडण्याची तयारीही कोणी दाखवेल. तो मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. ही जमीन 1921 साली अमलात आलेल्या कायद्याने मूळ हवाईयन लोकांसाठी राखून ठेवलेल्या जमिनींपैकी आहे, आणि तेथे अशा वाहतुकीला परवानगी नाही. चाकांनी या माळाला पुरुषभर खोल चर पाडले आहेत. प्रत्येक पावसात त्यांतून माती वाहून जाते आणि प्राचीन वस्तीच्या खुणाही त्याबरोबर नष्ट होतात. पायी चालणाऱ्यानेही मळलेली वाट सोडू नये आणि रचलेल्या दगडांना हात लावू नये.

कड्याच्या काठावर आल्यावर लगेच उतरू नये. वरून दहा मिनिटे समुद्र पाहावा. पुळण दक्षिणेच्या खुल्या महासागराकडे तोंड करून आहे आणि उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातील वादळांमुळे उठलेल्या मोठ्या लाटा थेट आत येतात. लाटांचे पाणी कड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचत असेल तर त्या दिवशी वरूनच पाहून परतावे, कारण खाली अडकल्यास बाजूने निघायला जागा नाही. समुद्र शांत असेल तर राखेच्या थरांवरून, दोन्ही हात मोकळे ठेवून, एकेकाने उतरावे. येथील खडक भुसभुशीत असल्याने आधारासाठी धरलेला तुकडा हातात येऊ शकतो. याच कारणाने कड्याला टेकूनही बसू नये.

पाण्यात उतरायचेच असेल तर गुडघाभर पाण्यात, काठाजवळ आणि सोबती किनाऱ्यावर असताना उतरावे. जवळच्या का लाएपाशी वाहणारा प्रवाह हालाएआ या सरदाराच्या नावाने ओळखला जातो. या प्रवाहाने त्या सरदाराला समुद्रात ओढून नेले, अशी आख्यायिका आहे. वाळूवर मंक सील हा समुद्री सस्तन प्राणी पहुडलेला दिसल्यास किमान 15 मीटर दूर राहावे. त्याला उठवू नये.

परतताना वारा पाठीशी असल्याने चाल सोपी होते, तरी गाडीपर्यंतचा दीड तास हिशेबात धरून सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी निघावे. हवाईत किनाऱ्यावरील वाळू नेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि येथे तर प्रत्येक चिमूट त्या एकाच टेकडीच्या झिजेतून आलेली असते. म्हणून वर चढण्यापूर्वी टॉवेल, बुटांचे तळ आणि पिशवीच्या शिवणी पुळणीवरच झटकून घ्याव्यात.