जुना सी कोड नव्या जीसीसीवर चढवताना

हिंगण्याच्या एका कारखान्यातला ९८ सालचा वजनकाट्याचा प्रोग्राम माझ्याकडे आला, नव्या मशीनवर जीसीसी १४ (सी कोडचा कंपायलर) होता आन् बिल्डसाठी मेक कमांड मारल्याबरोबर एररचा पाऊस. मी पण आधी म्हटलं कंपायलरच बिघडला बे! तसं नाही. फंक्शन डिक्लेअर न करता, म्हणजे ते काय घेते-देते हे आधी न सांगता वापरणं, सी भाषेच्या १९९९ च्या स्टँडर्डनंच काढून टाकलं होतं, पण जगभरचा जुना कोड तुटू नये म्हणून जीसीसी इतकी वर्षं नुसती वॉर्निंग देऊन गप बसत होता, २०२४ मधे १४ व्हर्जननं त्याची एरर केली.

तर पहिले जुनं स्टँडर्ड सांगून बिल्ड करा, म्हणजे एसटीडी फ्लॅगला जीएनयू ८९ द्या (-std=gnu89). बहुतेक वेळा तेवढ्यात होते. पण तिथंच थांबू नका ना भाऊ! माझ्याकडं एक फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देत होतं आन् त्याचं डिक्लेरेशनच नव्हतं, मग कंपायलर समजला हा इंट (साधा पूर्णांक) आहे, ६४ बिटचा पत्ता ३२ बिटात कापला गेला आन् प्रोग्राम कधी चाले कधी पडे, पूर्ण दुपार गेली, वरून कूलरमधलं पाणी संपलेलं.

म्हणून वॉल फ्लॅग (-Wall) लावून एकेक वॉर्निंग मिटवा, डिक्लेरेशन असलेल्या हेडर फाइली टाका, मग कोड नव्या स्टँडर्डवर न्या. जीसीसी १५ ला घाई करू नका, तिथं डिफॉल्ट सी २३ स्टँडर्ड आहे, फंक्शनचा रिकामा कंस म्हणजे आर्ग्युमेंटच नाही, आन् टाइपडेफनं bool नावाचा स्वतःचा टाइप केला असल तर तोही आपटते.